वडिलांचा दवाखाना हाती घेताना आधी काय बदलाल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वडिलांनी नागपूरच्या नंदनवन भागात तीस वर्षं चालवलेला दवाखाना आता तुमच्याकडे आला आहे. एम.बी.बी.एस. झाल्यावर दोन वर्षं तुम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली. हाताशी दीडेक लाख रुपये आहेत. ते सॉफ्टवेअरमध्ये घालावेत, ईसीजी मशीनमध्ये की फर्निचरमध्ये? नवे नियम कोणते? आणि पंचवीस वर्षांपासून असलेल्या कंपाउंडर काकांना ठेवावं की नाही?

माझा दवाखाना सक्करदऱ्याला आहे, १९९१ पासून. बेड नाहीत, ऑपरेशन नाही. सकाळ-संध्याकाळची ओपीडी आणि थोडं लसीकरण एवढंच. तुमची आणि माझी वस्ती जवळजवळ एकच, त्यामुळे सगळं अनुभवाचंच सांगते.

रंग, खुर्च्या, बोर्ड हे तूर्त राहू द्या. पैसेही बँकेतच राहू द्या. पहिले पंधरा दिवस एकच बघा, तुमच्या दवाखान्याच्या लक्षात काय काय राहतं? वडिलांच्या सगळं लक्षात होतं. कोणाला सल्फाची रिअॅक्शन आली होती, कोणाचा भाऊ चाळिशीत हार्टने गेला, कोणाच्या घरी टीबी होऊन गेला, कोण बीपीच्या गोळ्या उपासाच्या दिवशी सोडते. ते घरी बसले आणि दवाखान्याची सगळी स्मृती त्यांच्यासोबत घरी गेली. म्हणून रोज संध्याकाळी अर्धा तास वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. नेहमीच्या घरांची नावं एकेक घ्या आणि ते सांगतील ते लिहून काढा. औषधांच्या अॅलर्जी आधी. हे काम तुमच्या दीड लाखातून होणारं नाही आणि दोन वर्षांनी करू म्हटलं तर कदाचित करताही येणार नाही.

मी हे इतक्या आग्रहाने का सांगते ते ऐका. बऱ्याच वर्षांपूर्वी एक सायकल रिक्षा चालवणारे गृहस्थ माझ्याकडे यायचे. खोकला, बारीक ताप. पाच दिवसांच्या गोळ्या नेल्या की बरं वाटायचं, मग दोन महिने दिसायचे नाहीत. तेव्हा मी केसपेपर रुग्णाजवळच देत असे, माझ्याकडे काहीच राहत नसे. ते दर वेळी कोरे करकरीत येऊन बसत आणि माझ्यासाठी ती दर वेळी पहिलीच भेट असे. एकदा त्यांच्या बायकोने पिशवीतून सगळ्या चिठ्ठ्या काढून टेबलावर ठेवल्या. सात महिन्यांत चार वेळा खोकला, चारही चिठ्ठ्यांवर माझं अक्षर, त्यातल्या दोनांवर ऑफ्लोक्सॅसिन. हे क्विनोलोन गटाचं अँटिबायोटिक टीबीला थोडं दाबतं, लक्षणं पुसतं आणि निदान लांबवतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. थुंकी तपासली तर पॉझिटिव्ह निघाली. तोवर घरात धाकटी मुलगीही खोकायला लागली होती. मला ज्ञान कमी पडलं नव्हतं. मागची भेट माझ्यासमोर नव्हती, एवढंच.

त्यानंतर मी जे सुरू केलं ते आजही चालू आहे. प्रत्येक दीर्घ आजाराच्या रुग्णाचं पोस्टकार्डापेक्षा थोडं मोठं जाड कार्ड. बीपी, शुगर, दमा, फिट्स, थायरॉइड, टीबी, सिकलसेल (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार). लांब खोक्यात पुठ्ठ्याचे बारा कप्पे, प्रत्येकावर महिन्याचं नाव. रुग्ण आज येऊन गेला आणि त्याला पुन्हा ऑगस्टमध्ये यायचं आहे, तर कार्ड ऑगस्टच्या कप्प्यात. ऑगस्ट संपला की त्या कप्प्यात जी कार्डं मागे उरली ते लोक आलेले नाहीत. बस, एवढंच. यादी करावी लागत नाही, शोधावं लागत नाही. न आलेला माणूस आपोआप समोर येतो. मग महिन्याच्या पहिल्या रविवारी कंपाउंडर त्यांना फोन लावतो.

पहिल्या महिन्यात कप्पा उघडला तेव्हा बीपीच्या अर्ध्याहून जास्त कार्डांचे मालक आले नव्हते. मला वाटत होतं माझ्या रुग्णांचं बीपी चांगलं ताब्यात आहे, कारण मला दिसत होते ते फक्त येणारे. फोनवर एकच उत्तर, "बरं वाटून राह्यलं होतं मॅडम, म्हणून नाही आलो." त्यात दोघांना पक्षाघात होऊन गेल्याचं त्या फोनवरच कळलं. २०१७ पासून सरकारने उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो देशव्यापी उपक्रम सुरू केला, ज्यात आपल्या शेजारचे वर्धा आणि भंडारा हे जिल्हे सुरुवातीलाच होते, त्याचा गाभाही हाच आहे : ठरलेल्या पायऱ्यांचं साधं औषध, प्रत्येकाचं कार्ड आणि न येणाऱ्याचा पाठपुरावा. तुम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात होतात, म्हणजे हे बघितलं असेलच. खाजगी दवाखान्यात ते जमत नाही असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.

कार्डावर बीपीचा आकडा लिहायचा तर तो आकडा खरा हवा. उन्हातून सायकल मारत आलेल्या माणसाचा पट्टा लगेच बांधू नका. पाच मिनिटं बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, बोलणं बंद. लघवी लागली असेल तर आधी जाऊन येऊ द्या. चहा, विडी किंवा खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) अर्ध्या तासाच्या आत झाला असेल तर तेही विचारा. जाड दंडाला मोठा पट्टा लागतो. आपल्याकडे एकच पट्टा सगळ्यांना चालवतात आणि मग नको त्याला औषध सुरू होतं. तुमच्या दीड लाखातला पहिला खर्च प्रमाणित डिजिटल बीपी यंत्र आणि दोन आकारांचे पट्टे.

खर्ऱ्याचा विषय निघालाच आहे तर कार्डावर त्याचा वेगळा रकाना ठेवा, रोज किती पुड्या. "तंबाखू खाता का?" असं विचारलं की आपल्याकडे अर्धे लोक नाही म्हणतात, कारण त्यांच्या लेखी खर्रा म्हणजे तंबाखू नव्हे. नाव घेऊन विचारा. मग त्यांचीच तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगा. जात नसतील, तिखट लागलं की आग होत असेल, गालाची आतली बाजू पांढुरकी आणि ताठ लागत असेल, तर मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात पाठवा. दोन आठवड्यांत न भरलेला व्रण किंवा लाल-पांढरा चट्टा दिसला तर थेट राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय. या तपासणीला एक मिनिट लागतं आणि पैसा लागत नाही. मी हे पंचविशीच्या पोरांपासून सुरू करते, कारण पानठेल्यावर उभं राहायला ते त्याच्या कितीतरी आधी शिकतात.

उन्हाळ्याचं एक खास लक्षात ठेवा. आपल्याकडे नवतपात, म्हणजे मे अखेरीस सुरू होणाऱ्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, पारा ४५ च्या वर जातो. थंडीत बसवलेला बीपीच्या औषधाचा डोस मे महिन्यात काहींना जड होतो. लघवी वाढवणारं औषध घेणारी म्हातारी माणसं उभी राहिली की भोवळ येऊन पडतात. म्हणून मी त्यांची कार्डं मुद्दाम एप्रिलच्या कप्प्यात आणते. त्याच भेटीत बजावून सांगते : जुलाब-उलट्या लागल्या तर लघवीची गोळी, टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी आणि शुगरची मेटफॉर्मिन किंवा ग्लिफ्लोझिन गटाची गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी मला फोन करायचा. इन्सुलिन मात्र आपल्या मनाने बंद करायचं नाही. हे तोंडी सांगून राहत नाही, कार्डाच्या मागे मराठीत छापून घ्या.

आता मुलांच्या खोकल्याच्या औषधांकडे येते. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याकडची लहान मुलं किडनी बंद पडलेल्या अवस्थेत नागपूरच्या रुग्णालयांत आली आणि त्यातली बरीच गेली. साध्या सर्दी-खोकल्यासाठी त्यांना दिलेल्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, सरकारी तपासणीत ४८.६ टक्के, जे ०.१ टक्क्याच्या वर असताच कामा नये. ते गाव आपल्यापासून काही तासांवर आहे. त्या मुलांना पहिल्यांदा बघणारे आपल्यासारखेच ओपीडीवाले डॉक्टर होते. मला त्या महिन्यात झोप लागत नव्हती. आपल्या कपाटातली प्रत्येक बाटली काढून बघितली आणि लक्षात आलं की गेल्या महिन्यात कोणत्या मुलाला कोणत्या बॅचची बाटली गेली हे मला सांगता येणार नाही.

केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ३ ऑक्टोबर २०२५ ला जे कळवलं ते साधं आहे. दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं द्यायची नाहीत आणि पाच वर्षांखालीही सहसा नकोत. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्येच क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिनच्या जोडऔषधावर "चार वर्षांखाली वापरू नये" असं छापायचं बंधन आलं होतं. वडिलांच्या कपाटात अशा बाटल्या असतील तर काढून टाका. आईला मात्र रिकाम्या हाताने पाठवू नका, नाहीतर ती समोरच्या मेडिकल स्टोअरमधून तीच बाटली घेऊन जाईल. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध, ताप असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. आणि तिच्यासमोर पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखाली ६०, वर्षाखाली ५०, पाच वर्षांखाली ४० किंवा त्याहून जास्त असेल तर ती नुसती सर्दी नाही. श्वास मोजताना आई तुमच्या चेहऱ्याकडे बघत असते. त्या एका मिनिटाने तिचं जेवढं समाधान होतं तेवढं कोणत्याच बाटलीने होत नाही. शेवटी एक प्रश्न, "शू किती वेळा झाली?" आजारी मुलाच्या बाबतीत तो आता मी कधीच चुकवत नाही.

तुम्ही स्वतः औषधं देत असाल, आणि आपल्या भागात बहुतेक जण देतात, तर औषध आल्या दिवशी वहीत नाव, कंपनी, बॅच नंबर, मुदत आणि बिल नंबर लिहा. देताना कार्डावर किंवा केसपेपरवर बॅचचे शेवटचे चार आकडे. पातळ औषधांसाठी तरी हे कराच. उद्या एखादी बॅच परत मागवली तर कोणत्या घरी धावायचं हे तुम्हाला दहा मिनिटांत कळलं पाहिजे. बिलाशिवाय स्वस्तात मिळणारा माल, मग तो कितीही ओळखीच्या माणसाकडून येवो, घेऊ नका.

लसींचा फ्रीज बघितला का? वडिलांच्या वेळचा असेल तर त्यात बहुधा पाण्याच्या बाटल्या, कोणाचा तरी डबा आणि दारात लसी असतील. लसीला २ ते ८ अंश लागतात. सगळे उन्हाळ्याची काळजी करतात, लाइट गेली की धावपळ करतात, पण मी जास्त लसी थंडीने वाया गेलेल्या बघितल्या आहेत. हिपॅटायटिस बी, ट्रिपल, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची), न्यूमोकोकल या गोठल्या की संपल्या. पुन्हा वितळून दिसायला तशाच दिसतात. उन्हाळ्यात कोणी तरी फ्रीजचं बटण शेवटपर्यंत फिरवतो, जूनमध्ये पाऊस पडून हवा गार होते, बटण मात्र तसंच राहतं. फ्रीझरखाली चिकटून ठेवलेल्या लसी रात्रीतून गोठतात. म्हणून लसी मधल्या फळ्यांवर, भिंतीपासून दूर. दारात आणि खालच्या ट्रेमध्ये फक्त पाण्याच्या बाटल्या, म्हणजे लाइट गेल्यावर गारवा टिकतो. खाण्याचं काहीही नाही. कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर आणा. साधा थर्मामीटर आत्ताचं सांगतो. रविवारी दुपारी बंद दवाखान्यात काय झालं ते त्याला ठाऊक नसतं. सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत. आकडा हद्दीबाहेर गेला तर त्या लसी वेगळ्या डब्यात ठेवा आणि खात्री होईपर्यंत कोणाला टोचू नका. गोवर गटाच्या लसीचं द्रावणही थंड असावं आणि लस विरघळवल्यापासून चार तासांत वापरावी. जखम झाली की टीटी मागायची सवय लोकांना आहे. आता त्या जागी टीडी द्या, घटसर्पाचंही संरक्षण मिळतं.

कुत्रा चावलेल्यांची कार्डंसुद्धा खोक्यात जातात. स्नायूत द्यायची लस असेल तर ०, ३, ७, १४, २८ या दिवशी. त्वचेत दोन जागी द्यायची असेल तर ०, ३, ७, २८. लोक तिसऱ्या सुईपर्यंत येतात, मग जखम भरते आणि विसरतात. आधी साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुणं, ते दवाखान्याच्याच नळाखाली करून घ्या. टाके नाही, हळद-मिरची नाही. रक्त निघालं असेल तर जखमेत रेबीजविरोधी सीरम लागतं, ते तुमच्याकडे नसेल तर त्याच दिवशी मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांत.

पावसाळ्यातल्या तापांबद्दल तुम्हाला शिकवायला नको, पण आपल्या भागाच्या दोन-तीन गोष्टी सांगते. नागपुरात डेंगीचा डास कूलरच्या टाकीत वाढतो. जूनमध्ये पहिला पाऊस आला की लोक कूलर बंद करतात आणि टाकी तशीच ठेवतात. ताप घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी विचारते, कूलर कधी पुसला? डेंगीसाठी रक्ताची एनएस-१ चाचणी पहिल्या पाच दिवसांत, त्यानंतर आयजीएम. ताप उतरला म्हणून रुग्ण खूश असतो, आपण मात्र तेव्हाच जागं राहायचं, कारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतानाच पोटदुखी, सतत उलट्या, हातपाय गार पडणं सुरू होतं. "एक सुई मारून द्या मॅडम, कामावर जा लागते," असं म्हणणाऱ्याला डायक्लोफेनॅकचं वेदनाशामक इंजेक्शन टोचू नका. अशा वेळी नाही म्हणणं जड जातं, मला अजूनही जातं.

पोळा-मारबतीच्या सुमारास पाच दिवसांवरचा ताप आला, डोकं दुखतंय, मलेरिया-डेंगी नाही, तर कपडे बाजूला करून बघा. काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली सिगारेटने भाजल्यासारखा काळा डाग ही स्क्रब टायफसची खूण, गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होणाऱ्या तापाची. २०१८ मध्ये स्क्रब टायफसने नागपूर आणि आसपास लोक गेले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना तो डाग शोधायची सवयच नव्हती. डाग नसला तरी शंका असेल तर डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दोनदा सुरू करायला उशीर करू नका, गर्भवतीला अॅझिथ्रोमायसिन. शेतावर, गवतात गेले होते का हे विचारा. नंदनवनात राहणाऱ्यांची शेती कुही-उमरेडकडे असते.

आणि सिकलसेल. आपल्या विदर्भात हा आजार बऱ्याच घरांत आहे. राष्ट्रीय निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली, पण तुमच्या टेबलावर तो "हातपाय दुखतात, अशक्तपणा" म्हणून येतो. वारंवार हाडं दुखणारं, डोळे पिवळे असणारं मूल दिसलं तर आधी सोल्युबिलिटी ही प्राथमिक रक्तचाचणी आणि मग पक्क्या निदानासाठी एचपीएलसी. निदान झालेल्या मुलाला ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालयात, दोन दिवस बघू असं करू नका. आणखी एक, जे फार जण विसरतात : सिकलसेलच्या रुग्णात तीन महिन्यांची शुगर दाखवणारी एचबीए१सी चाचणी फसवते, कारण लाल पेशी लवकर मरतात आणि आकडा खोटा कमी येतो. नुसता वाहक असेल तरी यंत्राच्या पद्धतीप्रमाणे फरक पडू शकतो. घरी मोजलेली शुगर चांगलीच वाढलेली आणि एचबीए१सी मात्र सुरेख, असं दिसलं की थांबा.

नियमांचं भरभर सांगते. वडिलांच्या नावाच्या गोष्टी आपोआप तुमच्या होत नाहीत. त्यांच्या लेटरहेडवर एकही चिठ्ठी लिहू नका. तुमचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर आणि दवाखान्यात दिसेल असा हवा. दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी वैद्यकीय प्रशिक्षणाचे ३० क्रेडिट पॉइंट. शेवटच्या महिन्यात धावू नका. आचारसंहिता २००२ चीच लागू आहे, २०२३ मध्ये आलेली नवी स्थगित झाली. औषधाचं नाव जेनेरिक, अक्षर वाचता येईल असं, शक्यतो इंग्रजी कॅपिटलमध्ये. वैद्यकीय दाखल्यांची नोंदवही ठेवा, दिलेल्या प्रत्येक दाखल्याची प्रत आपल्याकडे. जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी आपल्या नावावर करून घ्या. बेड नसलेल्या दवाखान्यालाही ती लागते. सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, सिरिंज आणि हातमोजे लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्यात, काचेच्या कुप्या निळ्यात, आणि ४८ तासांवर काही साठवायचं नाही. वडिलांचा डॉक्टरकीचा विमा तुमच्या चुकीला चालणार नाही, स्वतःचा काढा.

टीबीचं मात्र भरभर नको. २०१२ पासून प्रत्येक रुग्ण कळवणं बंधनकारक आहे, आणि २०१८ च्या अधिसूचनेने न कळवल्यास शिक्षेची तरतूदही आली. पण शिक्षेच्या भीतीने करू नका. निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर नोंद झाली की रुग्णाला तपासणी आणि औषध फुकट, पोषणासाठी महिन्याला १००० रुपये थेट खात्यात, घरातल्यांची तपासणी होते आणि तुम्हालाही नोंदीचे ५०० व उपचार पूर्ण झाल्याचं कळवल्यावर आणखी ५०० मिळतात. संगणक जमत नसेल तर १८००-११-६६६६ वर फोन करा. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर छातीचा एक्स-रे आणि थुंकीची नॅट (टीबीचे जंतू जनुकांवरून ओळखणारी) तपासणी, आणि तोवर क्विनोलोन नाही. ते रिक्षावाले गृहस्थ बरे झाले, मुलगीही. तरी ते सात महिने मला परत देता येत नाहीत.

सॉफ्टवेअर घ्या, पण सहा महिन्यांनी. आधी कागदावर शिस्त बसली तर ती संगणकावर जाईल. घेताना दोनच प्रश्न विचारा : माझा सगळा डेटा मला एका फाइलमध्ये काढून मिळेल का, आणि नेट बंद असताना चालेल का? आभा (सरकारी डिजिटल आरोग्य खातं) क्रमांक असलेल्यांचा क्रमांक कार्डावर लिहायला आजच सुरुवात करा, पुढे उपयोगी पडेल. व्हॉट्सअॅपसाठी दवाखान्याचा वेगळा फोन ठेवा. स्वतःच्या फोनमध्ये रुग्णांचे रिपोर्ट आणि मुलांचे फोटो एकत्र ठेवणं चुकीचंच आहे, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानंतर तर धोक्याचंही. मेसेज बघायची वेळ ठरवा, दुपारी दोन ते तीन, आणि ती दारावर लिहा. दूरवैद्यक (टेलिमेडिसिन) मार्गदर्शिका २५ मार्च २०२० ची आहे, ती एकदा शांतपणे वाचून काढा. पहिल्यांदाच संपर्क करणाऱ्याला नुसत्या मेसेजवर अँटिबायोटिक देऊ नका, झोपेच्या आणि नशेच्या यादीतल्या गोळ्या तर अजिबात नाही. फोनवर जे सांगितलं ते त्याच दिवशी कार्डावर गेलं पाहिजे.

ईसीजी मशीन हवंच. छातीत दुखतंय म्हणून आलेल्याला "आधी ईसीजी काढून या" म्हणत उन्हात पाठवणं मी बंद केलं त्याला आता खूप वर्षं झाली. ते वाचता आलं नाही तर फोटो काढून हार्टच्या डॉक्टरांना पाठवता येतो. हार्टचा झटका वाटला तर अॅस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावायला द्या आणि १०८ ला फोन. मशीनच्या शेजारी एक ट्रे : अॅड्रिनलिन, हाताने श्वास द्यायची अँबू बॅग, दोन मापांचे मास्क, छोटा ऑक्सिजन सिलिंडर, ग्लुकोजच्या बाटल्या, ग्लुकोमीटर. ट्रेच्या झाकणावर मोठ्या अक्षरात लिहा : अॅड्रिनलिन मोठ्यांना अर्धा मिलि, मुलांना किलोमागे ०.०१ मिलि, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. घाबरलेल्या क्षणी कोणालाच दशांश आठवत नाही. महिन्यातून एकदा मुदती बघा. लस टोचल्यावर अर्धा तास रुग्णाला बसवून ठेवायचं, कितीही घाई असो.

एकटीने हे सगळं जड जातं. आम्ही आसपासचे चार दवाखानेवाले महिन्यातून एका रविवारी सकाळी एकमेकांकडे बसतो. प्रत्येकाने एक फसलेली केस आणायची, रुग्णाचं नाव न घेता. औषध कंपनीचा माणूस नाही, नाश्ता घरचा. क्रेडिट पॉइंट मिळत नाहीत, पण माझं सगळ्यात जास्त शिक्षण तिथेच झालं. तुम्हीही या, किंवा तुमच्या बॅचच्या तिघांना धरून स्वतःचं बसवा. रुग्णाच्या मनाचं काही दिसलं, कर्जाने पिचलेला, झोप उडालेला, मरणाचं बोलणारा, तर "मरावंसं वाटतं का?" हे स्पष्ट विचारा. विचारल्याने कोणी मरत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्यासमोर लावून द्या आणि त्याचं कार्ड पुढच्या महिन्याच्या कप्प्यात न टाकता टेबलावरच ठेवा, दोन दिवसांनी स्वतः फोन करायला.

कंपाउंडर काकांना ठेवा. माणसं तुमच्याआधी त्यांना ओळखतात. वडील दवाखान्यात दिसत नाहीत म्हणून बावरलेला रुग्ण आधी त्यांच्याच तोंडाकडे बघेल. पण इंजेक्शन आणि औषध ठरवण्याचं काम त्यांच्याकडे असेल तर ते पहिल्याच आठवड्यात प्रेमाने, बंद दाराआड, काढून घ्या. त्यांची हिपॅटायटिस बी ची लस झाली आहे का विचारा. पंचवीस वर्षं सुया हाताळणाऱ्या माणसाची झालेली नसते, हा माझा अनुभव आहे. ०, १ आणि ६ महिने, खर्च तुमचा. वापरलेली सुई टोचली तर बोट पिळायचं नाही, साबणाने धुवायचं आणि लगेच मेडिकलला जायचं, एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं, हे त्यांना पाठ करून घ्या. मग फ्रीजची वही आणि कार्डांचं खोकं त्यांच्या ताब्यात द्या. महिन्याच्या शेवटी उरलेली कार्डं बघून कोण कुठे राहतं, कोण मुलीकडे गेलं, कोणाचा फोन बदलला, हे तेच सांगतील. आमच्याकडे तरी पहिल्या वर्षी न आलेल्या रुग्णांपैकी बरेच जण तसेच परत आले, फोन लागत नव्हता म्हणून आमचे काका संध्याकाळी सायकलने त्यांच्या घरी जाऊन आले तेव्हा.